खुब्यातली वाटी

नव्वदच्या दशकात मी पुण्याला प्लास्टिकवर संशोधन करायचो. एकदा रेल्वेनं सांगलीला घरी जाताना लोणंदला एक म्हातारे फौजी समोर येऊन बसले. माझं काम कळताच त्यांनी रुमालातून पिवळी पडलेली, तडकलेली वाटी काढली. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातली ही प्लास्टिकची वाटी दहा वर्षं त्यांच्या अंगात होती. नुकतीच बदलली होती.

मी सांगितलं, "जंतू मारायला हिला किरणं देतात. त्यानं प्लास्टिकचे लांब धागे तुटतात, तुकडे दाटीनं रचले जाऊन स्फटिक वाढतात आणि काही वर्षांत वाटी ठिसूळ होते."

"नव्या वाटीलाबी दिल्यात?"

"बहुतेक."

ते हसले. "मग तवर लय चालून घेतो, गड्या."

साताऱ्याला उतरून, रिक्षावाल्याला नको म्हणत, ते गावाकडं पायीच निघाले. त्या ठिसूळपणावर मी पुढं आयुष्यभर काम केलं. कंटाळलो की अजून ती पाठमोरी चाल आठवते.