मशिदीच्या पायरीवरची फुंकर

आमच्या गावात पोर तापलं की आया त्याला संध्याकाळी मशिदीच्या पायरीशी न्यायच्या. नमाज पढून निघणारे त्याच्यावर फुंकर घालायचे. आम्ही माळ्याच्या बायका, पण यात कुणाला वावगं वाटत नसे.

त्या वर्षी दूरच्या शहरात दंगल झाली आणि हे जाणं बंद पडलं. नेमकं तेव्हाच माझं पोर तापानं फणफणलं. मोताळ्याच्या डॉक्टरचं औषध त्याच्या पोटात ठरेना. शेवटी मी एकटीच पोराला घेऊन पायरीशी जाऊन उभी राहिले. माणसं खाली मान घालून निघून गेली. मागून आमच्या मळ्याशेजारचे म्हातारे चाचा आले.

"पोराले काही झालं तं आमच्यावर येईन, बाई."

मी भडकले. "एक जीव वाचवला त्यानं सारी माणसं वाचवली, असं कुराणात हाय म्हणून तुम्हीच सांगतलं होतं ना मले? मंग आता काऊन भेता?"

चाचा वाकले. त्यांनी फुंकर घातली, पण त्यांचे डोळे पोरावर नव्हते. मी वळून पाहिलं. लहानपणी याच पायरीवर फुंकर घेतलेले माझे दोन्ही दीर रस्त्यावर काठ्या घेऊन उभे होते.