कटरबाईंची झोप

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बावीस बायका मशीनवर बसत, पण कापडाला पातं लावायची परवानगी फक्त एकीला होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. सगळे त्यांना कटरबाई म्हणत. पुढे पुढे तर नवराही चारचौघांत तशीच हाक मारून जायचा आणि मग जीभ चावायचा.

कटरबाईंनी आता सत्तरी ओलांडली आहे. कारखान्याच्या जागी गाड्यांचे टायर विकतात. पण डोळे मिटले की त्यांना तो लांबलचक हॉल अजून दिसतो: उंच खिडक्या, नव्या कापडाच्या खळीचा वास, दुपारच्या रेडिओवरची गाणी आणि त्या गाण्यांना दाद न देता चाललेला मशीनांचा खडखडाट. कोण कुठल्या मशीनवर बसायची, कुणाच्या पायडलला तेल लागायचं, सगळं तोंडपाठ. त्यातली दोन वर्षं मात्र धुक्यात गेल्यासारखी झाली आहेत. कुणी विचारलं तर त्या हसून म्हणतात, “ती दोन वर्षं मी जागी होते ना, म्हणून आठवत नाहीत.”

झालं होतं असं. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी घेऊन त्या हिंडूफिरू लागल्या, पण रात्रीची झोप गेली ती गेलीच. अकराला हाक यायची, “अगं, पाणी दे जरा.” साडेबाराला, “खिडकी लावलीस का गं?” दोनला पाय चेपायला, चारला नुसतंच, “किती वाजले?” कटरबाईंचे यजमान पाण्याच्या पंपहाउसवर ऑपरेटर होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. घरी असले तरी त्यांची झोप अशी की कानाशी नगारा वाजवला तरी कूस बदलायचे नाहीत. उठायच्या त्या कटरबाईच. पहाटे पाचला पुन्हा डबे, मुलीची वेणी, आणि आठला कारखाना.

त्याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट जरा मिरवायच्याच. जेवणाच्या सुट्टीत कुणी डुलक्या घेताना दिसली की म्हणायच्या, “झोप काय, वाढवावी तेवढी वाढते. मला चार तास रग्गड होतात.”

चार तास रग्गड होत नव्हते, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. सर्दी बारा महिने मुक्कामाला. भूक अशी विचित्र, की जेवण झाल्यावर अर्ध्या तासात बिस्किटांचा पुडा फस्त. भाजीत मीठ एकतर दोनदा, नाहीतर नाहीच. समोरच्या बाईचं नाव ओठावर यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. आणि राग! मुलगी तिसरीत होती. एकदा ती दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, “आई, तू मला आत्ता कशाबद्दल ओरडलीस?” कटरबाईंनी आठवून पाहिलं. खरंच आठवेना. पोरीला जवळ घ्यायचं सोडून त्या म्हणाल्या, “जा, अभ्यास कर.” ते वाक्य त्यांना आजही बोचतं.

मग तो मंगळवार आला. शाळेच्या पँटचं काम होतं. कापड अंथरताना एक थर सुलटा आणि त्यावरचा उलटा टाकायचा असतो, म्हणजे एकाच वेळी डावा-उजवा दोन्ही पाय कापून निघतात. हे काम त्या पंधरा वर्षं करत होत्या, डोळे बांधले तरी जमलं असतं. त्या दिवशी साठच्या साठ थर सुलटे पडले. दुपारी काजवालीनं गठ्ठा सोडला, एकेक तुकडा जमिनीवर मांडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काजवाली म्हणजे काजं करणारी, कटरबाईंची जिवाभावाची मैत्रीण आणि तोंडाची फटकळ.

“कटरबाई, ही शाळा एका पायाच्या पोरांची आहे का? सगळे डावेच आहेत!”

हॉलभर हशा पिकला. कटरबाईही हसल्या, पण त्यांचं हसणं थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते नुसतंच पाणी उरलं.

कारखान्याचे मास्तर साठीचे होते. कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांनी तुकडे उचलून पाहिले. “कापड तेच पुढच्या ऑर्डरला लागणार आहे. तीस डावे आत्ता वापरा, तीस ठेवून द्या. तेवढे उजवे पाय काप म्हणजे झालं,” एवढंच म्हणाले. मग जाता जाता, “घरी जाऊन पडतेस का आज?”

“छे छे, मला काय धाड भरलीय?” कटरबाई म्हणाल्या.

गुरुवारी ते घडलं. कटिंगचं मशीन विजेवर चालणारं, उभ्या पात्याचं. थर सरकू नयेत म्हणून काजवाली समोरून कापड दाबून धरून होती. कटरबाई पात्याकडेच पाहत होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. मधला एक क्षण कुठं गेला कुणास ठाऊक. डोळे उघडेच होते, पण आत कुणी नव्हतं. भानावर आल्या त्या काजवालीच्या किंकाळीनं. पात्यानं तिच्या बाहीचा कफ फाडला होता. अंगठा दोन बोटं अंतरावर होता.

मशीन बंद झालं. काजवाली, जिचं तोंड कधी बंद नसे, ती अंगठा मुठीत धरून नुसती उभी होती. कटरबाई तिथेच खाली बसल्या.

मास्तरांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं.

“रात्री किती झोपतेस?”

“चार तास.”

“खरं सांग.”

“तेही सलग नाही. तासातासानं सासूबाईंची हाक येते.”

“किती दिवस झाले?”

कटरबाईंनी बोटं मोजली. “दोन वर्षं होतील.”

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “दारू पिऊन आलेल्या माणसाला मी त्या पात्यापाशी उभं केलं असतं का? तू न पिता तशीच येतेस. तुझा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे, पण झोपलेल्या माणसाचा हात काय कामाचा? आता गोदामात जा आणि पड. उठवायला कुणी येणार नाही.”

गोदामात कापडाच्या गुंडाळ्यांच्या थप्प्या होत्या. एका बुटक्या थप्पीवर त्या ‘जरा पाठ टेकते’ म्हणून आडव्या झाल्या आणि तीन तासांनी उठल्या, गालावर कापडाची वीण उमटलेली. बाहेर काजवाली कफ शिवत बसली होती. “मेले असते तर भूत होऊन मानगुटीवर बसले असते तुझ्या,” ती म्हणाली आणि चहाचा अर्धा कप पुढे सरकवला. म्हणजे माफ केलं.

संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, “म्हातारी दिवसा काय करते?”

“काय करणार? घरात बोलायला कुणी नसतं. झोपतात.”

“अगं, मग रात्री झोप येणार कुठून? दिवसा सगळी संपवून ठेवते ती. उद्यापासून इकडे आण.”

सासूबाईंनी आधी आकांत केला. “या वयात मला कामाला जुंपता? लोक काय म्हणतील?” पण सोमवारी काठी टेकत आल्या. खिडकीपाशी त्यांना खुर्ची मिळाली आणि कच्चा धागा काढायचं काम, म्हणजे शिवण पक्की झाल्यावर आधीचे लांब टाके उसवून काढायचे. पहिल्या दिवशी त्या खुर्चीतच पेंगल्या. काजवाली मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “आजींच्या काळी बायका बऱ्याच आळशी असाव्यात.” झालं! सासूबाई ताठ बसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या काळातल्या बायकांची बाजू लढवली. आठवडाभरात त्यांना कुणाची सासू कशी, कुणाचा दीर कुठं, सगळं ठाऊक झालं. भरल्या उन्हात बसायच्या, बोलायच्या, चालत घरी यायच्या.

अशाच एका संध्याकाळी घरी येताना त्या म्हणाल्या, “तुला एक सांगू? मला रात्री तहान लागायची नाही गं.”

“मग?”

“अंधारात वाटायचं, पुन्हा पडले तर कुणाला कळायचंही नाही. तू ‘काय हवंय’ म्हणालीस की धीर यायचा. म्हणून काहीतरी मागायचे.”

कटरबाईंनी सासूबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि चाल आणखी सावकाश केली. त्याच दिवशी मुलीची खाट आजीच्या खोलीत गेली. पोरगी खूश, कारण आता गोष्टी फुकटात. कटरबाईंनी पंपहाउसवर जाऊन यजमानांनाही सगळा वृत्तांत ऐकवला, आणि त्यांनी मान खाली घालून कबूल केलं की घरी असेन त्या आठवड्यात रात्री मी बघेन. ओढून उठवायला पायाला दोरी बांधून ठेवा हवं तर, म्हणाले.

हाका एकदम बंद झाल्या नाहीत. चारच्या तीन, तीनची एक. महिन्याभरानं एका सकाळी कटरबाईंना जाग आली ती भिंतीवरच्या उन्हानं. ऊन! त्या धडपडत उठल्या. सासूबाई गेल्या की काय, हाच पहिला विचार. धावत खोलीत गेल्या तर सासूबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. मुलगी शाळेत गेली होती. वेणी बापानं घातली होती म्हणे, एका कानावर.

“उठवलं का नाही मला?”

“मी नको म्हटलं. आज कारखान्याला खाडा,” सासूबाई म्हणाल्या.

कटरबाई दाराच्या चौकटीत बसल्या. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, आणि खराट्याचा तो आवाज त्यांना फार दिवसांनी ऐकू आला. दुपारी मुलगी घरी आल्यावर तिची वेणी सोडून त्यांनी सावकाश पुन्हा घातली, आणि ती शाळेतलं काय काय सांगत होती ते शेवटपर्यंत ऐकलं.

दोन वर्षांचा शीण एका रात्रीत उतरला नाही. सर्दी जायला हिवाळा संपावा लागला, आणि पात्यापाशी मास्तरांनी त्यांना तीन महिने एकटं सोडलं नाही. पुढे मास्तर थकल्यावर तो हॉल कटरबाईंनीच सांभाळला. सकाळी काम वाटण्याआधी त्या प्रत्येकीच्या डोळ्यांत बघायच्या. तान्हं मूल असलेली एखादी “मी बरी आहे” म्हणाली की तिला गोदामात धाडायच्या आणि रेडिओ बारीक करायला लावायच्या.

सासूबाई आणखी सहा वर्षं खिडकीपाशी बसल्या. त्या गेल्यावर ती खुर्ची कुणी हलवली नाही. मग एका वर्षी कारखानाच बंद झाला. शेवटच्या दिवशी कटिंगचं टेबल चौघांनी उचलून बाहेर नेलं, आणि बायका मोकळ्या फरशीवर गोल करून बसल्या, दिवेलागणीपर्यंत जुन्या गोष्टी काढत. काजवालीनं डाव्या पायांची गोष्ट सांगितली, दरवेळी थर वाढवून सांगायची तशीच.

घरी जाताना कटरबाईंना वाटलं, आज काही डोळा लागायचा नाही. पण लागला. रडणं सकाळी उठल्यावर झालं, पोटभर.