त्रेचाळिसावी पुडी

जपानातल्या त्सुकुबा शहरातल्या आम्हा मराठी मंडळींत भाऊजींइतका चिडका माणूस दुसरा झाला नाही, आणि भाऊजींवर माझ्याइतकं दुसरं कुणी चिडलं नाही. भाऊजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. माझ्या नवऱ्याच्या कंपनीतले, त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठे, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, मूळचे सांगलीचे. गाडी मिनिटभर उशिरा आली तर ते चिडायचे आणि मिनिटभर लवकर आली तर जास्त चिडायचे. जपानी माणसावर चिडायचं असेल तर आधी कमरेत वाकायचे, मग चिडायचे, मग पुन्हा वाकायचे. फोनवर भांडतानासुद्धा समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार चालायचा. मंगळवार हा आमच्याकडे प्लास्टिकच्या बाटल्या टाकायचा दिवस. त्या सकाळी हे हातमोजे घालून इमारतीखाली उभे. एकदा अख्ख्या इमारतीदेखत त्यांनी आमची पिशवी उलटी केली आणि एक बाटली माझ्या नाकासमोर धरली. "वहिनी, टोपण काढलेलं नाही! आपण ह्या देशात पाहुणे आहोत! टोपण वेगळं, बाटली वेगळी, किती वेळा सांगायचं?" मी गाऊनवर, केस पिंजारलेले, शेजारच्या जपानी बायका खाली मान घालून उभ्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. संध्याकाळी हाच माणूस स्वतःच्या बाल्कनीतल्या कुंडीतली कोथिंबीर घेऊन दारात हजर. त्या काळी त्सुकुबात कोथिंबीर मिळत नसे, म्हणून नाइलाजाने मी चहा टाकला.

तर ह्या माणसाच्या डोक्यात शाळेपासून एक नदी बसली होती. पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात एक चिंचोळा देश आहे, गांबिया. मध्ये नदी, दोन्ही बाजूंना काठ, की संपला देश. कृष्णेकाठी वाढलेल्या भाऊजींना हे फार पटलं होतं. "नदी असावी तर अशी, वहिनी. बाकीचा देश हवाय कशाला?" टोकियोला जाणारी नवी रेल्वे सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी ते आमच्या खनपटीलाच बसले. किनारा, नदीकाठची गावं, पाणघोडे, सगळं एका तक्त्यात मांडून आणलं. पाणघोडा ह्या शब्दाला मी भुलले. लहानपणापासून मला तो पाण्यातून डोकं वर काढताना बघायचा होता. फेब्रुवारीतले बारा दिवस ठरले. भाऊजींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली, आणि त्यांच्या खात्याच्या साहेबांनी दातांतून हवा ओढत, दात घासताना काढावा तसा आवाज काढून ती दिली.

निघायच्या आठ दिवस आधी माझा नवरा तोंड पाडून घरी आला. तो त्याच कंपनीत, पण वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर सगळं आधी कळतं. भाऊजींचा करार मार्चअखेर संपत होता आणि पुढच्या वर्षाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. म्हणजे नोकरी गेली, व्हिसा गेला, त्सुकुबा सुटलं. "त्यांना सांगू नकोस. निदान ट्रिप तरी सुखाने होऊ दे," असं म्हणून नवऱ्याने मला शपथ घातली. माझ्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही घातली. आता तुम्हीच सांगा, असा धोंडा उराशी घेऊन माणूस समुद्रकिनारा कसा बघणार?

आणि भाऊजी तरी कुठे किनारा बघत होते! जपानी ऑफिसची रीत अशी, की रजेवर गेलेल्याने परत येताना तिथला खाऊ आणायचा, ओमियागे म्हणतात त्याला. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायचं आणि तुम्हाला त्रास दिला म्हणून वाकायचं. सगळं एकसारखं हवं आणि एकेक वेगळं बांधलेलं हवं. जपानात प्रत्येक स्टेशनवर असले खोके रचून ठेवलेले असतात. गांबियात कोण ठेवणार? तिथे रंगवलेल्या होड्या वाळूवर ओढल्या जात होत्या, बायका डोक्यावर माशांची घमेली घेऊन चालल्या होत्या, समोर अथांग समुद्र. आणि आमचे भाऊजी बुटांत वाळू भरून दुकानादुकानांत विचारतायत, "फॉर्टी-थ्री पीसेस? सेपरेट, सेपरेट पॅकिंग?" माझ्या नवऱ्याने त्याच्या मजल्यासाठी येतानाच युरोपातल्या विमानतळावर चॉकलेटं घेऊन टाकली होती. मी म्हटलं, तुम्हीही परतताना तेच करा. झालं! "आफ्रिकेला जाऊन युरोपचं चॉकलेट वाटू? खोटं बोलू?" त्यात नवऱ्याने तोंड घातलं, "अहो, तुमच्या मजल्यावर तर तुम्हाला सोडून बेचाळीसच जण. फोनची यादी मीच केलीय. त्रेचाळिसावा कोण? स्वतःलाच खाऊ देणार?" भाऊजी लालबुंद झाले. खिशातून घड्या घालून मऊ झालेला एक कागद काढला, त्यावर चौकोन आणि चौकोनांत जपानी नावं. मला ती लिपी कुठली वाचता यायला? "मोजायचं काम माझं आहे! त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस!" असं म्हणून कागद पुन्हा खिशात.

पाचव्या दिवशी आम्ही नदीच्या वरच्या अंगाला, तिथल्या अभयारण्यात पोचलो. आमच्या नावाड्याचं नाव लामिन. शांत, हसरा माणूस. भाऊजी त्याला जपानी रीतीने, अहो-जाहो करत, लामिन-सान म्हणायचे, आणि तो आपला ओ द्यायचा. दुपारी त्याने इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पाण्यात दोन कान दिसले. मग डोळे. मग ते भलंथोरलं डोकं हळूहळू वर यायला लागलं. मी श्वास रोखून धरला. आणि तेवढ्यात पाठीमागून खणखणीत आवाज आला, "लामिन-सान, हिअर व्हॉट इज द स्पेशल स्वीट?"

बुडुक. गेला पाणघोडा.

मी होडीत उभी राहिले. होडी हलली, नवरा ओरडला, पण माझं भान सुटलं होतं. "भाऊजी, बास! बास झालं तुमचं ओमियागे! त्या ऑफिसला तुमची काडीची पडलेली नाही! त्यांच्यासाठी तुम्ही जिवाचं रान करताय आणि ते..." नवऱ्याने माझा दंड असा दाबला की पुढचं तोंडातच राहिलं. मला वाटलं, आता भाऊजी तिप्पट आवाज चढवणार. त्यांनी हॅट काढली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सॉरी वहिनी. पाणघोडा तुमचा होता." मला राग कुणाचा आला होता, ते मला नीट ठाऊक होतं. त्या दात घासणाऱ्या साहेबाचा. आणि माझा.

दुसऱ्या दिवशी लामिन आम्हाला काठावरच्या त्याच्या गावी घेऊन गेला. त्याची आजी आंब्याच्या झाडाखाली गरम वाळूत शेंगदाणे भाजत होती. अगदी आपल्याकडच्या भट्टीतल्यासारखा वास. भाऊजी मांडी ठोकून तिच्यासमोर बसले. शाळेच्या जुन्या वहीची पानं मागवली आणि दाणे मोजायला लागले, प्रत्येक पुडीत पंचवीस. आजी भडकली. तिच्या मते पुडी मुठीने भरायची, दाणे कोण मोजतं! तिने भाऊजींच्या हातावर चापट मारली. भाऊजी मराठीत चिडले, ती तिच्या भाषेत चिडली. तासभर दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि पुड्या वळत होते. लामिन हसून हसून आडवा झाला. शेवटी आजीच्या मुठीचं माप भाऊजींनी मान्य केलं. ह्या माणसाने कुणाचं ऐकल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण. निघताना तिने त्यांच्या खिशात आणखी एक मूठ कोंबली, आणि भाऊजी कमरेत वाकले. ती गोंधळली, मग तीही वाकली.

परतल्यावर सोमवारी सकाळी भाऊजींनी टेबलाटेबलावर पुड्या ठेवल्या. साहेबांनी दाणे खाल्ले, "ओइशी" म्हणाले, म्हणजे छान आहेत, आणि दुपारी त्यांना खोलीत बोलावून कराराचं सांगितलं. संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले. हातात कोथिंबीर. मला राहवेना. "भाऊजी, आम्हाला जायच्या आधीपासून माहीत होतं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

"मलाही," ते म्हणाले. त्यांनी तो मऊ झालेला कागद काढून टेबलावर पसरला. "एप्रिलपासून कोण कुठे बसणार त्याचा नकाशा, वहिनी. दर वर्षी मीच छापतो. जानेवारीतच छापला."

नवऱ्याने नावं वाचली. खिडकीशेजारच्या चौकोनात, भाऊजींच्या जागी, कुणा नव्या बाईंचं नाव होतं.

"मग एवढा जीव कशाला काढलात त्या खाऊपायी?" मी ओरडलेच.

"कशाला म्हणजे?" भाऊजी एकदम पेटले. "बारा दिवस माझं काम कोणी केलं? ह्या बेचाळीस लोकांनी! आणि ह्या बाईंना माझे सगळे जुने प्रोग्रॅम निस्तरावे लागणार. त्यांना किती त्रास! त्यांना नको खाऊ?" त्रेचाळिसावी पुडी त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिली होती, वर चिठ्ठी लावून.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. कुंडी मला देऊन गेले, पाणी कधी किती घालायचं त्याच्या तक्त्यासह. एप्रिलमध्ये माझा नवरा मुद्दाम खालच्या मजल्यावर जाऊन आला. नव्या बाईंना पुडी मिळाली होती. दाणे त्यांनी खाल्ले होते, आणि वहीचं ते पान, कुणा आफ्रिकन मुलाच्या हातचा पाढ्यांचा अभ्यास, घडी न मोडता फोनशेजारी ठेवलं होतं.

आता भाऊजी सांगलीत असतात. फोन करतात तेव्हा नगरपालिकेवर चिडतात, रिक्षावाल्यावर चिडतात, कृष्णेत पिशव्या टाकणाऱ्यांच्या तर नावानिशी याद्या वाचतात. मी मंगळवारी टोपणं काढते. पण एक गोष्ट मला अजून खाते. सगळं माहीत असताना मी आठवडाभर त्यांना चहा पाजला, बारा दिवस त्यांच्यासोबत फिरले आणि गप्प बसले. एका टोपणासाठी अख्ख्या इमारतीदेखत माझ्यावर ओरडणारा हा माणूस त्याबद्दल मला आजवर एका शब्दाने बोललेला नाही. ओरडायला हवं होतं, भाऊजी.