टाकीच्या तळाचं दोन बोटं तेल

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसले तेव्हा मोडनिंब आलं की सांगा म्हणून कंडक्टरला दोनदा बजावलं होतं. त्यानं सांगितलं, पण गावाजवळचा उड्डाणपूल ओलांडल्यावर. उन्हात बॅग ओढत मागं चालत आले, तेवढ्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी अंगभर धूळ चढवली. दुसऱ्यांच्या चुका शोधायला निघालेल्या बाईला हे बरंच झालं.

माझं काम तपासनिसाचं. बाहेरदेशातून येणारं पामतेल जंगल तोडून लावलेल्या झाडांचं नाही, असा एक दाखला असतो. तो ज्या कारखान्याला हवा, त्यानं हे तेल साध्या तेलात मिसळू द्यायचं नाही, एक थेंबही नाही. मोडनिंबच्या शमीमआपांचा फरसाणाचा छोटा कारखाना. त्यांचा चिवडा युरोपातला एक व्यापारी घ्यायला तयार होता, पण दाखल्यासकट.

आपा साठीच्या. चहा देतानाच म्हणाल्या, "ह्या मालासाठी आठ बाया नव्या घेतल्यात, मॅडम. दाखला गावला की कायम करनार. न्हाय तर जातील परत खुरपायला, काम मिळंल तवा."

कागद पाहिले. बंदरापासून टँकरच्या सीलपर्यंत सगळं जागच्या जागी. इतके नेटके कागद मोठमोठ्या कारखान्यांतही पाहिले नव्हते. दुपारी बायकांच्या पंगतीला बसले. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण). पोट भरलं आणि मनातल्या मनात मी दाखला देऊनही टाकला.

राहिली होती फक्त तेलाची टाकी. ती सांभाळायला सुमनताई, त्या नव्या आठ जणींतल्याच एक. टाकी पुसून पुसून लख्ख केलेली.

"नवं तेल यायच्या आधी आतून कशी धुता?"

"आतनं न्हाय की," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तळाला दोन बोटं जुनं ठिवतोच आमी. रिकाम्या टाकीत कुनी नवं तेल वततंय व्हय? बरकत जाती. आपांनीच शिकीवलंय."

शेजारी उभ्या असलेल्या आपांचा चेहरा पडला. कागदावर 'टाकी साफ केली' अशी त्यांची सही होती, आणि त्यांच्या लेखी ती खरीच होती. पण तळाचं तेल बाजारातलं साधं, दाखल्याचं तेल येण्याआधीचं. त्याच्यावर नवं, त्याच्यावर पुन्हा नवं. म्हणजे आजवर तळलेला सगळा माल मिसळीचा.

"विष हाय का ते?" आपांचा आवाज चढला. "आमी, आमची पोरं तेच खातो. ते कुटल्या जंगलाचं म्हनून कोन इचारत न्हाय. दोन बोटांपायी आठ घरं?"

सुमनताई खोटं बोलल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं वाटलं आणि माझीच मला लाज वाटली. काणाडोळा करता आला असता. पण हे पामतेल जिथून येतं त्या बोर्निओ बेटावर प्रशिक्षणासाठी गेले होते, तिथलं जळक्या खोडांचं माळरान डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथंही आधी कुणीतरी थोडंसंच चालवून घेतलं असणार. मी लिहिलं, तेल मिसळलेलं आहे.

निघताना सुमनताई फाटकापर्यंत आल्या. "ताई, माजं काय चुकलं का?"

"नाही. तुम्ही खरं बोललात."

"मग?"

मी बॅग उचलली आणि हमरस्त्याकडं चालू लागले. गाडी आली, मी चढले. टेंभुर्णी गेलं, भीमेचा पूल गेला, मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

आठवड्यानं आपांचा फोन आला, तेव्हा मी ओट्याशी होते. फेरतपासणीपर्यंत थांबायला व्यापारी तयार नव्हता. आठही जणी घरी बसल्या होत्या.

"टाकी धुतली, मॅडम," आपा म्हणाल्या. "आतनं, कडक पान्यानं. सुमननंच धुतली, जायच्या दिवशी. आता एक थेंब न्हाय तिच्यात. यिऊन बघून जावा."

फोन ठेवला. दुसऱ्या हातात तेलाची पिशवी होती, कोपरा कापलेली. ते तेल कुठल्या रानातलं, याबद्दल तिच्यावर एक अक्षर नव्हतं. समोरच्या बरणीच्या तळाशी जुनं तेल होतं, दोन बोटं. माझ्या आईनंही बरणी कधी पुरती रिकामी होऊ दिली नाही. किती तरी वेळ मला ती पिशवी ओतता येईना.