अल्बममधून पुसलेली गिटार

भूतखेत, आत्मा असला विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस. धंदा आवाजाचा — अंधेरीत डबिंग, मिक्सिंग करतो. कुठलाही आवाज कुठून आला हे मला सांगता येतं. म्हणजे, येत होतं...

आमचा चौघांचा बँड. दीड वर्ष खपून ब्लूज-रॉकचा अल्बम केला. जड, ओलसर, दलदलीतून आल्यासारखा साउंड हवा होता, म्हणून मढला खाडीकाठचा बंगला भाड्याने घेऊन ड्रम्स, बास आणि माझी गिटार तिथे रेकॉर्ड केली. आमचा दुसरा गिटारवाला मिलिंद तेव्हा तापाने पडला होता. त्याचा पार्ट नंतर, अंगात ताप असतानाच, माझ्या फ्लॅटवर, भिंतींना गोधड्या लावून, एकट्याचा घेतला. हे मुद्दाम सांगतोय — "त्याचा आवाज दुसऱ्या माइकमध्ये शिरला असेल" असं कुणी खाली लिहू नका.

मिलिंद स्लाइड वाजवायचा, बोटात काचेची नळी घालून ती तारांवर सरकवत. आणि कायम ठेक्याच्या जरा मागे.

"अरे, लेट येतोयस तू!" मी ओरडायचो.

"लेट नाय रे. चिखलातनं पाय पटकन निघतो का कधी?"

खरं सांगतो, तो वाजवायला लागला की माझ्याकडे कुणी बघायचं नाही आणि मी जळायचो. मिक्सिंग माझ्या हातात होतं. नऊच्या नऊ गाण्यांतून मी त्याचा ट्रॅक काढला, फाइल्स उडवल्या, बॅकअपसकट. बाकी दोघांना म्हटलं, टायमिंग गंडलंय. ते गप्प बसले. मिलिंदला सांगायची हिंमतच झाली नाही. तेवढ्यात डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत तो गेला.

अल्बम आला आणि चालला. कौतुक कशाचं? "डावीकडून ती स्लाइड सरकत येते ना, काटा येतो यार." "कोण आहे हा? उशिरा येतो आणि रडवतो!"

आधी वाटलं, कुणीतरी मुद्दाम डिवचतंय. पण मिलिंदचं नावही माहीत नसलेले लोक गाण्यातल्या नेमक्या त्याच जागा सांगत होते. मी डावी बाजू एकटी लावून ऐकली, मीटर बघितलं. माझी गिटार आणि बास, बस्स. आमच्या ड्रमरलाही ती स्लाइड ऐकू येते. टायमिंगचं खोटं कळल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही.

मग एका दुपारी मिलिंदची आई मुलुंडहून आली. सगळ्या गाण्यांत मी आहे, असं तो तिला सांगून गेला होता. मी हेडफोन दिले. काकू डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यांचा पाय ठेक्याच्या जरा मागे हलत होता.

"अंगात ताप होता तरी किती छान वाजवलंय त्याने," त्या म्हणाल्या. मग मोबाइलवर कलाकारांची यादी उघडली, चष्मा सारखा करून दोनदा वाचली.

"सगळ्यांची नावं आहेत रे. माझ्याच पोराचं का नाही?"

"टाकायचं राहिलं, काकू," मी म्हटलं. तेव्हाही खोटंच बोललो.

नाव त्याच संध्याकाळी टाकलं. जो ट्रॅक कुठेच नाही तो लोकांना आजही ऐकू येतो. मी रोज हेडफोन लावून नऊही गाणी ऐकतो. मिलिंद सुंदर वाजवतोय, हे मला अजून लोकांकडूनच कळतं.