जग न पाहिलेला रोमिंगतज्ज्ञ

परदेशात पाऊल न टाकता परदेशातून घरी फोन कसा करावा, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं पृथ्वीवर कुणालाही कळत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती पृथ्वीला त्याचा काही उपयोग आहे का, एवढीच. मामा शेणव्याला राहतात. भाताची शेती, चार म्हशी आणि शहापुरात दुधाचा रतीब, हा त्यांचा दृश्य संसार. अदृश्य संसार मात्र फिजीपासून फिनलंडपर्यंत पसरलेला आहे. कुठल्या देशात येणारा फोन फुकट, कुठे आठवड्याचं पॅक घेण्यापेक्षा रोजचं बरं, कुठली कंपनी शेजारचा देश त्याच पॅकात घालते आणि कुठली घातल्यासारखं दाखवते, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. फिनलंडमध्ये लोक काय खातात, हे त्यांना ठाऊक नाही. तिथे जमीन कशी आहे, पाऊस किती पडतो, असलं काही विचारलं की ते तुच्छतेनं म्हणतात, "त्ये भूगोलवाल्यांना विचारा."

या वेडाचं मूळ परदेशात नसून कल्याणच्या रस्त्यावर आहे. मोबाइल नवे होते तेव्हा आमच्या भागातून कल्याणकडे जाताना वाटेत कुठेतरी फोनचं सर्कल बदलायचं. म्हणजे गाव सोडून भाजी विकायला गेलं की माणूस फोनच्या लेखी परगावचा व्हायचा, आणि आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. मामा तेव्हा भेंडी घेऊन जीपनं कल्याणला जात. ती अदृश्य सीमा नेमकी कुठे आहे हे त्यांनी फोनच्या पडद्याकडे डोळे लावून शोधून काढलं होतं. सीमा जवळ आली की ते जीपमध्ये अर्धे उभे राहून ओरडत, "बंद करा रे फोन, रोमिंग आलं!" आणि सगळी जीप निमूटपणे खिशात हात घाली. ज्यांच्याकडे फोन नव्हता तेही उगाच खिसा चाचपत. पुढे देशातलं रोमिंग बंद झालं. लोकांना आनंद झाला. मामांना मात्र जकात नाका उठल्यावर तिथल्या शिपायाला वाटत असेल तसं वाटलं. कमावलेली विद्या वाया जाणार म्हणून त्यांनी मग ती परदेशाकडे वळवली.

मामा प्लॅन वाचत नाहीत, तपासतात. म्हसाच्या जत्रेत बैल घेताना तोंड उघडून दात बघावेत तसे ते जाहिरातीच्या तळाची बारीक अक्षरं बघतात. दिवस कुणाच्या घड्याळानं मोजणार, तिकडच्या की इकडच्या? विमान मधे जिथे थांबतं तो देश धरलाय का? बोटीवर चालणार का? शहापुरातल्या मोबाइलच्या दुकानदारानं त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलंय. ते आदरापोटी ठेवलंय असं मामा समजतात. ते गिऱ्हाइकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ठेवलंय, असं दुकानदार मला म्हणाला. दुकान बंद असेल तर मामा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावतात. एकदा मी समोर होतो. अझरबैजानबद्दल बराच वेळ उलटतपासणी झाल्यावर पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, आपण कधी प्रवास करणार आहात?"

"मी कशाला जातोय?" मामा दचकून म्हणाले. "माझ्या म्हशी हायेत हितं."

अशा माणसाला कुणी परदेशी जातंय असा नुसता वास लागला तरी पुरे. आमच्या नात्यातले एक निवृत्त साहेब युरोप पाहून आले आणि एका साखरपुड्यात त्यांनी खुर्च्यांचा अर्धगोल जमवला. बर्फ, घड्याळं, चॉकलेटं, तिथल्या लोकांची शिस्त, आपल्या लोकांची बेशिस्त, असं सगळं यथासांग चाललं होतं. मामा मागे उभे होते. मधेच त्यांनी विचारलं, "इनकमिंगला किती कापले ओ साहेब?" साहेब म्हणाले, आम्ही फोन बंदच ठेवला होता. मामा अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले, "म्हंजे तुमी गेलते हे तिकडनं कोणाला कळलंच नाय." त्यानंतर त्या अर्धगोलाची गोलाई गेली ती गेलीच.

मामांचा सल्ला नेहमी बरोबर असतो असं मात्र नाही. तो नेहमी सर्वोत्तम असतो, आणि ही गोष्ट वेगळी आहे. शेजारचे एक म्हातारे देवदर्शनाला नेपाळला निघाले, तेव्हा मामांनी सगळ्या कंपन्यांची झाडाझडती घेऊन त्यांना असं पॅक घ्यायला लावलं की त्या पैशात एवढं इंटरनेट दुसरीकडे कुठेही मिळालं नसतं. म्हाताऱ्यांचा फोन बटणाचा होता. ते सगळं इंटरनेट नेपाळला घेऊन गेले आणि तसंच परत घेऊन आले. "वापरायचं त्यांच्यावर होतं," असं मामांचं म्हणणं पडलं.

खरी गंमत ही की या विद्वानाच्या घरात रेंज येत नाही. शेणव्यात इतरांकडे बऱ्यापैकी येते, पण मामांचं घर टेकाडाच्या कुशीत आहे. पडवीतल्या एका खुंटीवर तेवढी ती येते. म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खुंटीला टांगलेला असतो. तो वाजतो, पण हात लावला की रेंज जाते. बोलायचं असेल तर घरामागच्या टेकाडावर चढायचं. एवढ्यासाठी कोण चढतो? त्यापेक्षा रोमिंगच्या काळापासून चालत आलेली मिसकॉलची पद्धत घरात कायम राहिली. एक रिंग देऊन कापलं, म्हणजे पोचलो. दोनदा दिलं, म्हणजे नाक्यावर घ्यायला या. आणि फोन वाजतच राहिला, थांबलाच नाही, तर काहीतरी वाईट झालंय. कारण मयताची बातमी देणारा माणूस मधे कापत नाही. मामा आणि मामी यांचं सगळं दूरध्वनीवरचं सहजीवन या तीन खुणांत बसलेलं होतं. घरात असतानाही दोघांचं बोलणं त्याहून फार लांब जात नसे. भांडण नव्हतं. लागत नव्हतं, एवढंच.

मामांची मुलगी नर्स आहे आणि आयर्लंडमध्ये नोकरी करते. तिला दिवस गेले, आणि बाळंतपणाला आईनं यावं असं ठरलं. मामींनी तोपर्यंत कल्याणच्या पुढे एकटीनं प्रवास केला नव्हता. आता दोह्याला विमान बदलून थेट डब्लिन. लेकीनं तिकीट काढलं, कागदपत्रं केली. मामांनी तेवढे दिवस फक्त एकच काम केलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तपासलेले प्लॅन पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या घरात येत होते. ते झोपेत देशांची नावं घेतात, असं मामी मला म्हणाल्या. शेवटी त्यांनी आयर्लंडसह दोहाही धरणारं पॅक निवडलं. ते महाग होतं. दोह्याचा थांबा काही तासांचा, तेवढ्यासाठी एवढे पैसे कशाला, असं लेकीनं, दुकानदारानं आणि मीही सांगून पाहिलं. शिवाय लेकीनं व्हीलचेअरही मागितली होती, म्हणजे तिथला माणूस मामींना एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत नेणार होता. मामांनी ऐकलं नाही. "मधल्या ठिकानीच मानूस हरवतं," एवढंच ते म्हणाले.

मामींना विमानतळावर सोडायला मामांबरोबर मी गेलो होतो. दाराशी मामांनी त्यांना शेवटचं समजावलं, "मिसकॉल नको देव गो. मिन्टं घेतलीत. बोल. मोकळी बोल."

"काय बोलू?" मामींनी विचारलं.

मामांनी त्यांच्या हातातला फोन पुन्हा एकदा तपासून दिला. मामी आत गेल्या.

सकाळी आम्ही शेणव्याला परतलो. मामांनी फोन खुंटीला टांगला, म्हशी बघून आले आणि चहा घेऊन पडवीत बसले. थोड्या वेळानं फोन एकदा वाजला आणि थांबला. "पोचली दोह्याला," मामा म्हणाले. एवढं महागाचं पॅक घेऊन मामींनी मिसकॉलच दिला होता. पण मामांना राग आला नाही. उलट चेहरा सैल झाला. ते दोह्याच्या दरांविषयी काहीतरी सांगू लागले. बराच वेळ गेला, आणि फोन पुन्हा वाजला. एक रिंग झाली. दोन झाल्या. तो वाजतच राहिला.

मामांनी कपबशी खाली ठेवली. मी म्हटलं, "मामा, टेकाडावर चला."

"थांबत नाय ओ, जावई," ते म्हणाले, आणि जागचे हलेनात. मग एकदम उठून त्यांनी खुंटीवरून पिशवी ओढली. रेंज गेली, फोन वाजायचा थांबला. पिशवी हातात घेऊन मामा घरामागच्या टेकाडाकडे पळत सुटले. या वयाच्या माणसानं पळू नये अशा वाटेनं ते पळत होते. मी मागे होतो आणि मागेच राहिलो.

वर पोचलो तेव्हा मामांनी फोन लावलेला होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. त्यामुळे दोहा मलाही ऐकू आलं.

"अवो," मामींचा आवाज बारीक झाला होता. "समदी मानसं उठून गेली. मी एकलीच बसलेय. मला भ्या वाटतंय."

"ती खुर्चीवाली मानसं कुठं गेली?"

"मी नको बोलली खुर्ची. मी काय लंगडी हाय?"

जन्मभर गुडघाभर चिखलात भात लावलेल्या बाईनं चाकाच्या खुर्चीत बसून जायला नकार दिला होता, आणि वाट दाखवणारा माणूस त्या खुर्चीबरोबरच निघून गेला होता.

"आता कुठं जायचं?" मामांनी विचारलं.

"माहीत नाय. हितं काचच काच हाय. मी घरी येऊ का ओ?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. त्या देशातला एकेक मिनिटाचा भाव त्यांना ठाऊक होता. तिथून माणूस पुढे कसा जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते मला विचारायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. ते फोनमध्ये ओरडले, "कोन दिसतंय काय बाजूला? बाईमानूस?"

"एक बाई झाडतेय."

"तिच्याकडं दे फोन."

पलीकडे कुणीतरी "हॅलो" म्हणालं. मामांनी आपलं बाजारातलं सगळं हिंदी पणाला लावलं. "बहेन, वो हमारा मिसेस है. पहिला टाइम आया है. उसको आयर्लंड का गाडी में बिठा दो. बहेन, छोडना नाय उसको."

ती बाई हसली, आणि "चलो अम्मा" असं ऐकू आलं. मग नुसता पावलांचा आवाज. फोन परत घेऊन मामी तो कानाला धरूनच चालत होत्या. मधेच त्या किंचाळल्या, "अवो, जमीनच चालतेय!"

"मंग तू नको चालू," मामा म्हणाले.

पुन्हा पावलं. मग मामी हळूच म्हणाल्या, "मिन्टं जातायत ना ओ? ठेवू?"

एका सेकंदाचे दोन सेकंद धरले म्हणून कंपनीशी महिनाभर भांडलेला हा माणूस. तो म्हणाला, "जाऊ दे. तू बोल."

"काय बोलू?"

"कायपन बोल. काय दिसतं त्ये सांग."

मामी सांगू लागल्या. एवढं मोठं पिवळं अस्वल बसवलंय. सोन्याचं दुकान आहे आणि दार उघडंच आहे. एक बाई माझ्यासारखंच कुंकू लावून बसलीय. मामा नुसतं "बरं" म्हणत होते, पण प्रत्येक बरं वेगळं होतं. शेवटी मामी म्हणाल्या, "रांग आली. पोर हाय आपल्याकडची, बोलतेय माझ्यासंगं. ठेवते." ठेवता ठेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी चढून आलाव ना टेकाडावर? सावकास उतरा."

फोन बंद झाला. मामांनी तो लगेच खाली घेतला नाही.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. नात झाली, तिचं बारसं झालं. भाताची कापणी होईपर्यंत मामी तिकडेच राहणार आहेत. लेकीच्या घरचं इंटरनेट असल्यामुळे बोलायला पॅक लागत नाही. शहापुरातलं स्टूल बऱ्याचदा रिकामं असतं, आणि गिऱ्हाइकांना वाट मोकळी असूनही दुकानदार त्याबद्दल कुरकुर करतो. संध्याकाळी दूध घालून आले की मामा टेकाडावर चढतात. मागच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अर्धा तास त्यांनी मामींना पाऊस, म्हशी आणि मोडलेल्या कुंपणाबद्दल सांगितलं. मग विचारलं, "आज काय केलंस जेवायला?" मामींनी खूप सविस्तर सांगितलं, अगदी मीठ कमी पडलं तेही. इतकी वर्षं एका घरात काढली, पण मामांनी हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. तेव्हा ते ताटात दिसायचंच.