काचेतला रोहू

दिवाळीनंतरच्या सोमवारी दुपारी, मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभा चालू असताना गावतलावातले मासे दिसले, दिसेनासे झाले आणि पुन्हा दिसले. सभा त्या वेळी तलावाच्या पाळीवर उभी होती. मीही तिथे होतो. कॅमेरा माझा होता.

चंद्रपूरच्या एका केबल वाहिनीसाठी मी त्या आणि शेजारच्या अशा दोन्ही जिल्ह्यांतून बातम्या पाठवत असे. कॅमकॉर्डरच्या लेन्सवर एक फिल्टर कायम चढवलेला असे. पाण्यावरचा किंवा काचेवरचा उन्हाचा चकाका तो कापतो. पुढची कडी बोटाने फिरवली की चकाका कमी-जास्त होतो. वाहिनीने तो पुढाऱ्यांच्या गाड्यांसाठी घेतला होता. दौऱ्यात गाडीच्या काचेवर नुसतं आभाळ दिसे आणि आत नेमकं कोण बसलं होतं, यावरून संपादक माझ्याशी फोनवर भांडत.

सभेपुढचा विषय एकच होता. तलाव महिला बचत गटाकडे होता आणि गटाने त्यात मासे वाढवले होते. श्रावणात पाळीवरून पाणी गेलं. खालच्या धानाच्या बांध्यांत लोकांनी हाताने मासे धरले आणि तलाव रिकामा झाला, असं गावाचं मत पडलं. वडशाचा एक शिंगाड्याचा व्यापारी शिंगाडे लावायला तलाव मागत होता. मासे असतील तर तलाव गटाकडे ठेवायचा, नसतील तर व्यापाऱ्याला द्यायचा, असं सभेने आधीच ठरवलं होतं. मासे आहेत की नाहीत, एवढंच ठरायचं होतं.

जाळं टाकून पाहणं सोपं होतं. पण त्या गावात तलावाची पूजा झाल्याशिवाय वर्षाचं पहिलं जाळं पडत नाही, आणि पूजेचा दिवस गावाची पूजा करणारा भूमिया ठरवतो. त्याने तो ठरवला नव्हता. विचारलं की तो "पाहू" म्हणे. सरपंचाच्या सांगण्यानुसार हे उत्तर पोळ्यापासून चालू होतं.

गटाची अध्यक्ष पन्नाशीची होती. तिने ओंजळभर कोंडा पाण्यात टाकला. पाण्यात खळबळ झाली.

"बेडकं हायेत," व्यापारी म्हणाला.

"बेडूक कोंडा खाते का, भाऊ?"

"तुमच्या गावचे खात असतीन. मले का माहीत?"

मी हे चित्रित करत होतो. पाण्यावर ऊन होतं, म्हणून सवयीने कडी फिरवली. कॅमेऱ्याच्या बाजूच्या पडद्यावर आधी आभाळ होतं. मग तळ दिसला, आणि तळाच्या वर काळ्या पाठी फिरताना दिसल्या.

"अबे, मासोऱ्या!" मागे उभा असलेला सरपंच ओरडला. त्याने माझा खांदा धरला होता. पुढचा बराच वेळ तो सोडला नाही.

सभा पडद्याभोवती गोळा झाली. मला कडी फिरवायला सांगण्यात आलं. मासे गेले. पुन्हा फिरवायला सांगण्यात आलं. मासे आले.

"हे त काचातच हाये," व्यापारी म्हणाला. "काच फिरवली का येते, फिरवली का जाते. सिनेमा दाखवून राह्यले तुमी. तलावात काई नाई."

"तू मोबाईलात दिसते तवा मोबाईलातच राह्यते का?" अध्यक्षेने विचारलं.

सरपंचाने निर्णय दिला: कॅमेरा बाजूला ठेवायचा, काच काढायची आणि ती डोळ्याला लावून पाहायचं. मी फिल्टर काढून अध्यक्षेच्या हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला, कडी फिरवली.

"हा एक. हा दुसरा. अन् हा पाहा कसा म्हशीसारखा पडला हाये."

व्यापाऱ्याने समोरून काच घेतली आणि तशीच डोळ्याला लावली. त्यानेही कडी फिरवली, पुरी गोल.

"पानी हाये. पान्यात मी हाये. बाकी काई नाई."

अध्यक्षेने काच परत घेतली. गटातल्या बायकांनी ती आपसांत जशीच्या तशी दिली. सगळ्यांना मासे दिसले. व्यापाऱ्याने ती पुन्हा समोरून घेऊन आपल्या बाजूच्या लोकांना दिली. एकालाही दिसले नाहीत. सभा पाळीवर दोन ठिकाणी उभी राहिली.

"बायका जादू करून राह्यल्या!"

"तुमच्या डोयात शिंगाडा उगवला!"

बाहेरचा आणि कॅमेऱ्याचा माणूस म्हणून मला निवाडा करायला सांगण्यात आलं. व्यापाऱ्याच्या हातातून काच घेऊन मी पाहिलं. मासे नव्हते, आणि मी तसं सांगितलं. बायकांनी गलका केला. मी काच उलटी करून पाहिलं. मासे होते. मी तसंही सांगितलं.

"हे लेकाचं दोन्हीकडून बोलून राह्यलं," अध्यक्ष म्हणाली.

कारण साधं होतं. फिल्टरची जी बाजू लेन्सवर चढते, ती डोळ्याकडे असेल तरच तो चकाका कापतो. उलट धरला तर ती नुसती काळसर काच असते. आतापर्यंत तो लेन्सवरच असे, त्यामुळे उलट्या बाजूने कुणी पाहण्याचा प्रश्न आला नव्हता. मी हे सभेला समजावून सांगितलं.

"एका बाजूनं मासोऱ्या अन् एका बाजूनं नाई," व्यापारी म्हणाला. "असा कोणता तलाव असते जी?"



भूमिया इतका वेळ मोहाच्या झाडाखाली बसून होता. तो उठून आला आणि त्याने हात पुढे केला. अध्यक्षेने काच सुलटी करून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती डोळ्याला लावली, सावकाश कडी फिरवली. मग काच मला परत दिली.

"परवा पूजा," तो म्हणाला.

"परवाच काऊन?" सरपंचाने विचारलं.

"मले रोहू आवडते."

ठराव जाळं पडेपर्यंत पुढे ढकलण्यात आला. 'मासे असल्याचा दावा, निर्णय लांबणीवर' अशी बातमी मी पाठवली. संपादकाने फोन करून मासे आहेत की नाहीत ते विचारलं. परवा कळेल, असं मी सांगितलं. त्याने बातमी लावली नाही.

बुधवारी पूजा झाली. पहिल्या फेकीत चिखल, शेवाळ आणि एक चप्पल आली. व्यापाऱ्याने चप्पल उचलून सगळ्यांना दाखवली. अध्यक्ष पाण्याच्या कडेला उभी होती.  दुसऱ्या फेकीला जाळं ओढायला आणखी माणसं लागली. त्यात रोहू होते, कतला होते. एक रोहू दोन बायकांनी मिळून बाहेर आणला. तो भूमियासमोर ठेवण्यात आला.

तलाव बचत गटाकडे राहील, असं सरपंचाने पाळीवरूनच जाहीर केलं. पूजेच्या जाळ्यातला वाटा हजर असलेल्या प्रत्येकाला मिळतो. व्यापाऱ्याच्या वाट्याला एक कतला आला. त्याने तो पिशवीत घातला आणि दुपारच्या बसने तो वडशाला गेला.